त्रिनिदाद : आपल्या मिशनचे थोरले शेत

मध्य भारतातील आपल्या मंडळीचा इतिहास सांगताना आपण सहसा इ. स. १८७७ च्या जानेवारी महिन्यापासून प्रारंभ करतो. त्या महिन्यात रेव्ह. जे. एम. डग्लस इंदुरास येऊन राहिले, त्याच वर्षी रेव्ह. जेम्स फ्रेझर कँपबेल यांनी महूच्या छावणीत कार्य आरंभिले, आणि कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशन माळव्याच्या काळ्या मातीत रुजू लागले. हा प्रारंभ खरा आहे. परंतु तो आपला प्रारंभ आहे, त्या मंडळीचा नव्हे. माळव्यात पाऊल टाकण्यापूर्वी नऊ वर्षे तिने हिंदी बोलणाऱ्या हिंदुस्थानी लोकांमध्ये नांगर धरलेला होता, आणि ते लोक हिंदुस्थानात नव्हते. ते होते वेस्ट इंडीज बेटांच्या माळेत अगदी दक्षिण टोकाला असलेल्या त्रिनिदाद बेटावर, उसाच्या मळ्यांत. म्हणजे वयाने पाहता त्रिनिदाद हे थोरले शेत आणि इंदूर हे धाकटे. थोरल्या भावाची वार्ता धाकट्याने इतक्या वर्षांत फारशी विचारली नाही, म्हणून हा लेख.

बेट लहान आहे. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याहून थोडेसेच मोठे. दक्षिण अमेरिकेच्या व्हेनेझुएला देशापासून त्याचे सर्वांत जवळचे टोक जेमतेम अकरा किलोमीटरवर आहे. उत्तरेस दाट अरण्याची डोंगररांग, मध्ये कारोनी नदीचे सखल मैदान, दक्षिणेस नापारिमाचा ऊसप्रदेश आणि ला ब्रेआ येथे नैसर्गिक डांबराचे ते प्रसिद्ध सरोवर, असा त्याचा थोडक्यात नकाशा. मूळ रहिवासी अरावाक व कॅरिब जमातींचे. त्यांच्या भाषेतील या बेटाचे नाव ‘इएरे’ असे होते असे सांगतात. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहे. कोलंबसाने आपल्या तिसऱ्या सफरीत, पहिली जी भूमी दिसेल तिला पवित्र त्रैक्याचे नाव देईन, असा संकल्प केला होता. ३१ जुलै १४९८ रोजी खलाशाला क्षितिजावर तीन टेकड्या दिसल्या आणि बेटाचे नाव ला त्रिनिदाद पडले. देवाच्या नावाने नामकरण झालेल्या या भूमीवर त्यानंतरची चार शतके माणसाने माणसाला कसे वागविले, हे पाहिले म्हणजे नाव आणि आचरण यांतील अंतर किती असू शकते ते कळते.

स्पॅनिश राजवट जवळजवळ तीनशे वर्षे टिकली, पण ती दुबळी होती. १५९२ साली सेंट जोसेफ हे ठाणे वसले, १५९५ साली इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने ते जाळले आणि जाता जाता ला ब्रेआच्या डांबराने आपल्या गलबतांच्या फटी बुजवून घेतल्या. या तीनशे वर्षांतील एक प्रसंग मात्र आपल्यासारख्यांनी थांबून पाहावा असा आहे. १६८७ नंतर स्पेनमधून आलेल्या कॅपुचिन संन्याशांनी मूळ रहिवाशांना गावागावांतून एकत्र वसविले, त्यांना धर्मशिक्षण दिले आणि त्यांच्याकडून शेती व बांधकाम करून घेतले. अरेना नावाच्या वस्तीत प्रार्थनामंदिराचे बांधकाम चालू असता, १ डिसेंबर १६९९ रोजी, त्या लोकांनी बंड करून तेथील संन्याशांस ठार मारले. पाठोपाठ तेथे येणाऱ्या गव्हर्नरालाही त्यांनी वाटेत गाठून मारले. सूड भयंकर घेण्यात आला. बंडखोरांचा पाठलाग बेटाच्या ईशान्य टोकापर्यंत झाला, आणि तेथे कित्येकांनी शरण जाण्यापेक्षा कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या असे परंपरा सांगते. मेलेल्या संन्याशांची गणना हुतात्म्यांत झाली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या हातांनी वीट रचायची त्या हातांची इच्छा कोणी विचारली होती काय, हा प्रश्न त्या अर्धवट भिंतींनी विचारलेला आहे, आणि त्रिनिदादच्या ख्रिस्ती इतिहासात तो पुन्हा पुन्हा वर येतो.

पुढील शतकाच्या अखेरीस बेटाचे रूप पालटले. १७८३ साली स्पेनच्या राजाने एक फर्मान काढून कॅथलिक पंथाच्या परकीयांना येथे जमीन देऊ केली. जो जितके गुलाम आणील तितकी त्याची जमीन वाढे. शेजारच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन लोटले. त्यामुळे सत्ता स्पेनची, बोली फ्रेंच धाटणीची आणि घाम आफ्रिकेचा, असा चमत्कारिक मेळ झाला. १७९७ साली इंग्रजांनी बेट घेतले व १८०२ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली. ‘उमेदवारी’ या सभ्य नावाखाली ती आणखी चार वर्षे रेंगाळली आणि १८३८ साली खरोखर सुटका झाली. सुटलेल्या आफ्रिकन माणसाला मळ्याचे तोंड पुन्हा पाहावेसे वाटेना, यात नवल ते काय? मळेवाल्यांनी मात्र मजूर मिळत नाहीत म्हणून ओरड केली, आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली.

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून १०३ दिवसांच्या प्रवासानंतर पोर्ट ऑफ स्पेनच्या आखातात शिरले. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी स्त्रीपुरुष होते. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लक्ष ४४ हजार माणसे अशा रीतीने या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता बंदरातून, काही मद्रासेतून. संयुक्त प्रांत व बिहार यांतील भोजपुरी-अवधी बोलणारे लोक त्यांत अधिक. मुंबई बंदरातून वेस्ट इंडीजकडे अशी नियमित वाहतूक झाली नाही. आपली कोकणातील व देशावरील मराठी माणसे गेली ती मॉरिशसला, आणि ती कथा निराळी.

या पद्धतीचे नाव करार, म्हणजे ‘ॲग्रीमेंट’. लोकांच्या जिभेवर त्याचे ‘गिरमिट’ झाले. आरकाटी म्हणून ओळखला जाणारा दलाल गावोगाव, यात्रांतून, दुष्काळी छावण्यांच्या वाटेवर माणसे हेरी. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मुकादम उचल देऊन माणूस बांधतो, तो प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार समजावून सांगावयास नको; फरक इतकाच, की येथे हंगाम संपल्यावर बैलगाडी गावाकडे वळत नसे. करार पाच वर्षांचा. मजुरी दिवसाला पंचवीस सेंट, तीही नेमून दिलेले काम पुरे झाले तर. कामावर न येणे हा दिवाणी नव्हे तर फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी तुरुंग होता. मळ्याबाहेर जावयाचे तर परवाना हवा. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याचा नियम होता, आणि या विषम प्रमाणातून घराघरांत जे कलह व रक्तपात उद्भवले त्यांचे खापर पुन्हा त्या स्त्रियांवरच फोडण्यात आले. हिंदू वा मुसलमानी विधीने झालेला विवाह तेथील कायदा मानीत नसे. त्याची वेगळी नोंद न केल्यास मुले कायद्याच्या दृष्टीने अनौरस ठरत. मुसलमानी विवाहांना मान्यता मिळाली ती १९३० च्या दशकात, हिंदू विवाहांना त्यानंतर आणखी दहा वर्षांनी. दहा वर्षे बेटावर काढल्यावर परतीचा प्रवास मिळण्याची तरतूद होती. १८६९ पासून त्याऐवजी थोडी जमीन देण्यात येऊ लागली, आणि बहुतेक जण परत आले नाहीत. जहाजावर जात मोडली, पंगत मोडली. तिच्या जागी ‘जहाजी भाई’ हे नवे नाते निर्माण झाले. त्या नात्याला एवढा मान होता, की जहाजी भावाच्या मुलामुलींची लग्ने आपसांत लावीत नसत.

या लोकांकडे पहिल्या पन्नास वर्षांत मंडळीने लक्ष दिले नाही असे म्हटले तर ते थोडे अन्यायाचे होईल. पण पहिल्या वीस वर्षांविषयी ते खरे आहे. १८६४-६५ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील जॉन मॉर्टन नावाचा पंचविशीतला पाळक घशाच्या दुखण्याने खचून उबदार हवेसाठी त्रिनिदादला आला. मळ्यांत राबणारे हिंदुस्थानी लोक त्याने तेथे पाहिले. त्यांची भाषा कोणी बोलत नाही, त्यांच्या मुलांना शाळा नाही, ही गोष्ट त्याच्या मनास लागून राहिली. स्वदेशी परतल्यावर त्याने सिनॉडपुढे ही मागणी मांडली, आणि दुसरा कोणी जाईना तेव्हा स्वतःच जाण्याचे पत्करले. जानेवारी १८६८ मध्ये मॉर्टन, त्यांची पत्नी सारा आणि लहान मूल बेटावर उतरले. त्यांनी प्रथम मुक्काम केला त्या खेड्याचे नाव इएरे व्हिलेज. बेटाचे पुसून टाकलेले मूळ नाव एका खेड्याला चिकटून राहिले होते, आणि तेथेच हे कार्य उभे राहिले.

पहिली शाळा म्हणजे मॉर्टनच्या घराची पायरी, आणि पहिले विद्यार्थी तीन हिंदुस्थानी मुले, असे तेथील मंडळीत आजवर सांगण्यात येते. मॉर्टन हिंदी शिकले ते हिंदुस्थानात न येता, मळ्यातल्या माणसांकडून व पुस्तकांवरून. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या चरित्रात अधिक बोलकी वाटते. आमच्याकडे आलेला मिशनरी मुनशी ठेवून भाषा शिकत असे. तेथे मुनशी म्हणजे हातात कोयता असलेला माणूस होता. १८७० मध्ये केनेथ ग्रँट हे त्यांना येऊन मिळाले आणि सॅन फर्नांडो गावी स्थिर झाले. त्यांच्या प्रयत्नाने तेथे १८७२ मध्ये जे उपासनामंदिर उघडले, त्याचे नाव ‘सुसमाचार’. आपण मराठीत ‘शुभवर्तमान’ म्हणतो, हिंदी उपासनेत ‘सुसमाचार’ म्हणतो. इंदुरात वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला दोन्ही घरचेच. इंग्रजांच्या वसाहतीत, सभोवती सेंट अमुक आणि सेंट तमुक अशी नावे असता, कॅनडाच्या पाळकाने मंदिरावर हा हिंदी शब्द लिहावा, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

ग्रँट यांचे उजवे हात होते लालबिहारी. हिंदू घराण्यात जन्मलेले, समुद्र ओलांडून आलेले, आणि सॅन फर्नांडो परिसरातील कार्याचा खरा भार वाहिलेले हे गृहस्थ १८८२ साली दीक्षित पाळक झाले. मिशनच्या अहवालांत त्यांचे नाव सतत ‘सहायक’ म्हणून येते. आपल्या धर्मोपदेशक बंधूंना या शब्दाची ओळख आहे. गावोगाव कंदील घेऊन जाणारा, मळ्याच्या बराकीत रात्री भजन मांडणारा, भांडण सोडविणारा, मृताला माती देणारा तो ‘सहायक’, आणि वर्षाअखेर अहवाल लिहिणारा तो मिशनरी. त्रिनिदादचे पहिले धर्मोपदेशक कोण कोण होते, त्यांच्या बायका कोण होत्या, याचा शोध तेथील अभ्यासकांनी अलीकडे घेण्यास आरंभ केला आहे. आमच्याकडे माळव्यात तो अजून व्हावयाचा आहे.

शाळा मात्र झपाट्याने वाढल्या. सरकारी शाळांत हिंदुस्थानी मुले जात नसत. १८६९ साली पॅट्रिक कीनन यांनी बेटावरील शिक्षणाची पाहणी केली, आणि पुढील वर्षीच्या कायद्याने धर्मसंस्थांच्या शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. त्या वाटेने मिशन चालू लागले. शतक संपता संपता मिशनच्या शाळा पन्नासाहून अधिक झाल्या होत्या. १८८१ मध्ये मॉर्टन टुनापुना येथे गेले; तेथे सारा मॉर्टन यांनी मुलींसाठी वसतिगृह चालविले. १८९२ मध्ये सॅन फर्नांडो येथे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय निघाले, १८९४ मध्ये मुलांचे नापारिमा कॉलेज, १९१२ मध्ये मुलींची नापारिमा माध्यमिक शाळा. (या मुलींच्या शाळेने १९८८ साली काढलेले पाकशास्त्राचे पुस्तक त्रिनिदादच्या घरोघरी आढळते. डाळ भरलेली पोळी तेथे ‘डालपुरी’ या नावाने राष्ट्रीय खाद्य झाली आहे. आपल्या पुरणपोळीची ही तिखटमिठाची चुलत बहीण, तिला भोजपुरी आजीने तिकडे नेले.) आज प्रेस्बिटेरियन मंडळीच्या तेथे ७२ प्राथमिक व ५ माध्यमिक शाळा आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रेस्बिटेरियन लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या अवघे अडीच टक्के होते. एवढ्या लहान मंडळीच्या हाताखालून किती मोठा समाज शिकून बाहेर पडला, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

येथवर सांगितलेली कथा ही मिशनच्या जयंती-अंकात शोभेल अशी आहे. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आपल्या सेवेस शोभणारे नाही. आरंभीच्या कित्येक शाळांचा खर्च मळेवाल्यांनी उचलला होता. शाळेमुळे मजूर शांत राहतो, मुले जवळ राहतात, कुटुंब मळ्यास बांधलेले राहते, हा त्यांचा हिशेब होता. मिशनऱ्यांचा हिशेब वेगळा होता हे मी मानतो. तथापि ज्याच्या पैशावर दिवा लागतो त्याच्या अंधाराविषयी बोलणे कठीण जाते. मळ्यावरील एखाद्या अन्यायाविरुद्ध मिशनऱ्याने शब्द टाकल्याची उदाहरणे आहेत. परंतु करारपद्धतीच मुळात पाप आहे, ती बंद करा, अशी मागणी मिशनने संस्था म्हणून पुढे रेटल्याचे दिसत नाही.

दुसरी गोष्ट बाप्तिस्म्याची. मिशनच्या शाळेत शिक्षक व्हावयाचे तर ख्रिस्ती होणे इष्ट, बहुधा आवश्यक, ठरत असे. आणि मळ्यातून बाहेर पडण्याचा हिंदुस्थानी तरुणास जवळजवळ एकच मार्ग होता, तो म्हणजे शिक्षकाची जागा. कायद्यास मान्य असा विवाहही ख्रिस्ती विधीने सहज होई. अशा स्थितीत आलेल्या माणसाच्या श्रद्धेचे वजन कोणत्या तराजूत करावयाचे? तेथील हिंदू पुढाऱ्यांनी या बाप्तिस्म्यांना नोकरीचे बाप्तिस्मे म्हटले. १९५२ नंतर सनातन धर्म महासभेने भदासे सगन महाराज यांच्या नेतृत्वाखाली थोड्याच वर्षांत स्वतःच्या शाळांचे जाळे उभारले, ते या आक्षेपाचे कृतीतील उत्तर होते. त्यास मी विरोध म्हणणार नाही. आपल्या मुलाला शिकावयाचे असेल तर आपला देव दाराबाहेर ठेवावा लागू नये, ही मागणी न्याय्यच होती. त्याचबरोबर हेही खरे, की नोकरीसाठी आलेल्यांपैकी कित्येकांची तिसरी-चौथी पिढी आज मंडळीत आहे, जेव्हा नोकरीसाठी मंडळीची गरज कोणालाच उरलेली नाही. श्रद्धेचा आरंभ अशुद्ध हेतूने झाला म्हणून तिचा शेवटही तसाच होतो असे नाही. दुष्काळातील अनाथगृहांतून वाढलेल्या माळव्यातील आपल्या कुटुंबांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर आपल्या मिशनच्या अनाथगृहांत आलेल्या मुलांना कोणी हेतू विचारले नव्हते. ती भुकेली होती.

करारपद्धतीविरुद्धचा निर्णायक आवाज शेवटी उठला तो मिशनच्या व्यासपीठावरून नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात करारबद्ध मजुरांची भरती सर्वस्वी बंद करावी असा ठराव मांडला. त्यापूर्वी दोन वर्षे नाताळ वसाहतीपुरती बंदीची मागणी त्यांनी मान्य करून घेतलीच होती. १९१२ चा ठराव सरकारी मतांनी पडला. सरकारने मॅक्नील व चिम्मनलाल हे दोन अधिकारी चौकशीस धाडले. ते त्रिनिदादलाही जाऊन आले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांच्या ठरावास सरकारने मान तुकविली, १९१७ मध्ये भरती थांबली, त्याच वर्षी ‘गँजेस’ हे शेवटचे जहाज त्रिनिदादला लागले, आणि १९२० च्या आरंभी उरलेले करार रद्द झाले. या लढ्यात सी. एफ. अँड्र्यूज हा एक ख्रिस्ती सेवक अग्रभागी होता, ही आपल्याला दिलासा देणारी गोष्ट. त्यांनी फिजी बेटांतील मजुरांची स्थिती स्वतः जाऊन पाहिली व जगापुढे मांडली. जॉन मॉर्टन ज्या १९१२ साली वारले, त्याच वर्षी गोखल्यांचा ठराव मांडला गेला. चव्वेचाळीस वर्षे त्या लोकांमध्ये राहिलेल्या माणसाने जे म्हटले नाही, ते त्या बेटावर कधी न गेलेल्या ब्राह्मणाने म्हटले. मॉर्टन यांना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. जवळ राहिल्याने दिसते तसे जवळ राहिल्याने दिसेनासेही होते, एवढेच.

बेटाच्या धार्मिक स्वभावाविषयी दोन प्रसंग सांगतो. दक्षिणेकडील सिपारिया गावी कॅपुचिन संन्याशांच्या काळापासून पवित्र मरियेची एक सावळी मूर्ती आहे. कॅथलिक तिला ‘दिव्य मेंढपाळीण’ म्हणतात. हिंदू मजुरांनी तिला ‘सिपारी माई’ केले. पुण्य गुरुवारी व उत्तम शुक्रवारी हिंदू कुटुंबे तांदूळ, तेल, फुले घेऊन तेथे रांगा लावतात, लहान मुलांचे जावळ काढतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत ज्यांनी हिंदू व पारशी बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांना अर्थातच ते मानवले नाही. मूर्ती, तीही कॅथलिकांची, आणि पूजा हिंदूंची!

दुसरा प्रसंग दुःखाचा. मोहरमचे ताजिये तेथे ‘होसे’ या नावाने निघत, आणि त्यांत मुसलमानांबरोबर हिंदू मजूरही ढोल वाजवीत चालत. इंदुरात तर होळकर सरकारचाच ताजिया निघे, तेव्हा आपल्याला यात आश्चर्य नाही. वसाहत सरकारला मात्र हा हजारो मजुरांचा मेळावा धोक्याचा वाटला. मिरवणुका सॅन फर्नांडो गावात येऊ नयेत असा हुकूम निघाला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मिरवणुका नेहमीच्या वाटेने आल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. निदान सोळा माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. सुसमाचार मंदिर त्याच गावात उभे होते.

आफ्रिकन वंशाच्या लोकांचीही अशीच गत झाली. त्यांच्या ढोलावर बंदी आली तेव्हा त्यांनी बांबू वाजविले; पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांतून त्यांनी स्टीलपॅन हे वाद्य घडविले. मोठ्याने गात, डोलत प्रार्थना करणाऱ्या ‘शाउटर’ बाप्तिस्ट लोकांच्या उपासनेवर १९१७ साली कायद्याने बंदी घालण्यात आली. ती ३० मार्च १९५१ रोजी उठली. ज्या वर्षी हिंदुस्थानी मजुराची जहाजे थांबली, त्याच वर्षी आफ्रिकन ख्रिस्ती माणसाची प्रार्थना गुन्हा ठरली. आता ३० मार्च ही तेथे सार्वजनिक सुटी आहे, आणि ३० मे हा हिंदुस्थानी आगमनदिनही.

आता इंदूरशी तुलना. मंडळी एक, भाषा बहुतांशी एक, काळ जवळजवळ एक. मग फळे वेगवेगळी का? त्रिनिदादला मिशनऱ्यासमोर मुळापासून उपटलेला माणूस होता. त्याची जात, पंचायत, जमीन मागे राहिली होती. माळव्यात ती सारी जागच्या जागी होती. तेथे सरकार ख्रिस्ती व अनुदान देणारे. येथे महाराज तुकोजीराव दुसरे यांच्या दरबारचा शहरातील उपदेशास व शाळांस विरोध, आणि मिशनचे बस्तान रेसिडेन्सीच्या हद्दीत. पुढे हा विरोध निवळला. १८८७ मध्ये रेव्ह. जॉन विल्की यांच्या प्रयत्नाने इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले, महू, नीमच, रतलाम, उज्जैन, धार अशी केंद्रे वाढली. येथे शाळेने शिकविले पुष्कळांना, पण मंडळीत आले ते थोडे, आणि तेही अधिककरून कोरी, बलाई, भिल्ल अशा समाजांच्या कडेकडेने. दोन्हीकडे एक साम्य मात्र आढळते: ज्याला गमावण्यासारखे थोडे होते तोच आला.

१९२५ साली कॅनडात ऐक्य होऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा स्थापन झाले, तेव्हा त्रिनिदादचे कार्य व मध्य भारतातील बरेचसे कार्य तिच्याकडे गेले. भिल्ल प्रदेशातील कार्य मात्र ऐक्यात न गेलेल्या प्रेस्बिटेरियनांकडे राहिले. भारतातील आपल्या मंडळ्या १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीत विलीन झाल्या. त्रिनिदादची मंडळी आपल्या जुन्या प्रेस्बिटेरियन नावानेच स्वतंत्रपणे चालते. देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला, १९७६ मध्ये प्रजासत्ताक झाला. १९९५ मध्ये वासुदेव पांडे हे हिंदुस्थानी वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. २०११ च्या गणनेत हिंदुस्थानी वंशाचे लोक सुमारे पस्तीस टक्के व आफ्रिकन वंशाचे सुमारे चौतीस टक्के होते. राजकारणातील बहुतेक ताण या जवळजवळ सारख्या दोन आकड्यांत दडलेला आहे.

ईश्वरविद्येतही तेथे हालचाल झाली. १९७३ साली सॅन फर्नांडो येथून इद्रिस हमीद यांनी संपादिलेला ‘ट्रबलिंग ऑफ द वॉटर्स’ हा लेखसंग्रह निघाला. बेथेसदाच्या तळ्याचे पाणी हालविले जाते, ती योहानाच्या शुभवर्तमानातील कथा या नावामागे आहे. कॅरिबियन माणसाने देव परक्याच्या डोळ्यांनी पाहणे आता पुरे करावे, त्याचा समुद्र, त्याचा मळा, त्याचे ढोल यांतून त्याने देवाची ओळख करून घ्यावी, अशी त्या विचारांची दिशा होती. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अर्धशतकाहून अधिक आधी अभंग-ओवीच्या वाटेने जे केले, त्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. हमीद हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे. नाव मात्र मुसलमानी. तेथील ख्रिस्ती माणसांनी, जसे आपल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती घराण्यांनी केले, तसे वाडवडिलांचे आडनाव टाकले नाही.

हिंदी मात्र गेली. मॉर्टन व ग्रँट ज्या भाषेत उपदेश करीत ती भाषा आज तेथील फारच थोड्या वृद्धांस बोलता येते. काही भजने उरली आहेत. गाणाऱ्यांना शब्दार्थ ठाऊक असतोच असे नाही, चाल ठाऊक असते. सॅन फर्नांडो येथील मंडळी अद्याप ‘सुसमाचार’ याच नावाने भरते, आणि उपासना इंग्रजीत होते.